औंधचें चित्रमंदिर : लहान गांवानें राखलेला मोठा ठेवा

समाजाची थोरवी त्याच्या तिजोरीवरून मोजण्याची रीत जगांत रूढ आहे. परंतु काळाच्या कसोटीस तिजोऱ्या क्वचितच उतरतात. जें टिकतें तें त्या समाजाच्या हातांनीं घडविलेलें आणि त्याच समाजानें आस्थेनें जतन केलेलें काम होय. आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत मंदिराच्या उभारणीचा वृत्तान्त, धर्मगुरूंचीं चरित्रें आणि आपल्या वाडवडिलांच्या कष्टांच्या आठवणी वाचकांस मिळतीलच. ज्युबिली हा जसा आनंदाचा, तसाच हिशेबाचाही दिवस आहे. आपल्या हातीं काय आलें, त्यांपैकीं आपण काय राखलें, आणि पुढील पिढीच्या ओंजळींत काय घालणार, हे प्रश्न या दिवशीं विचारावेच लागतात. म्हणून आपल्याच महाराष्ट्रांतील एका लहानशा गांवाची हकीकत आम्ही येथें सादर करीत आहों. त्या गांवानें चित्रकलेचा जो ठेवा आपल्या डोंगराच्या अंगावर सांभाळला आहे, त्याची कथा ऐकण्याजोगी आहे व तींतून घेण्याजोगा बोधही आहे.

संस्थान आणि संस्थानिक

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यांत औंध नांवाचा गांव आहे. गांवाच्या माथ्यावर डोंगर आणि डोंगराच्या माथ्यावर यमाई देवीचें मूळपीठ, अशी त्याची ठेवण. या डोंगराच्या चढणीवरच श्रीभवानी चित्रसंग्रहालय उभें आहे. आसपासचा मुलूख कमी पावसाचा. येथून पूर्वेस माणदेशाकडे जावें तों तों झाडें विरळ होत जातात, नद्यांचीं पात्रें कोरडीं दिसूं लागतात, आणि ज्वारी-बाजरीच्या शेतांना आकाशाकडे डोळे लावून बसण्यावांचून गति उरत नाहीं. अशा मुलुखांत चित्रकलेचें मंदिर उभें राहावें, हीच मुळीं विस्मयाची गोष्ट आहे.

औंध ही पंतप्रतिनिधींची राजधानी. प्रतिनिधीचें पद छत्रपति राजाराममहाराजांच्या काळीं निर्माण झालें, आणि पुढें किन्हईचे परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यांत तें स्थिरावलें. मराठी राज्याच्या वैभवकाळीं या घराण्याचा मान मोठा होता. इंग्रजी अमदानींत मात्र त्याच्याकडे एक लहानसें संस्थान तेवढें उरलें. त्याचें क्षेत्रफळ अवघें सुमारें ५०० चौरस मैल, आणि तेंही सलग नव्हे. औंध, कुंडल, आटपाडी व विजापूरकडील गुणदाळ असे त्याचे तुकडे एकमेकांपासून दूरदूर विखुरलेले होते. अशा संस्थानाचें उत्पन्न तें किती असणार! बडोदें किंवा म्हैसूर येथील राजेसाहेबांनीं कलेसाठीं केलेला खर्च आणि औंधासारख्या संस्थानाची ऐपत यांची तुलनाच होऊं शकत नाहीं.

या गादीवर १९०९ सालीं श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले. त्यांचा जन्म १८६८ चा व मृत्यु १९५१ चा. ते विद्यापीठाचे पदवीधर होते, उत्तम कीर्तनकार होते, आणि सूर्यनमस्कारांचा त्यांनीं इतका प्रसार केला कीं, १९३६ सालीं ते विलायतेस गेले तेव्हां तेथील वृत्तपत्रांनींही त्या व्यायामाची दखल घेतली. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें त्यांचा एक गुण सर्वांत महत्त्वाचा, तो हा कीं ते स्वतः चित्रकार होते. कलेचा आश्रयदाता आणि कलेचा उपासक हे दोन धर्म एकाच पुरुषाच्या ठायीं एकत्र येणें हा योग विरळा. केवळ आश्रयदाता असेल तर तो नांव पाहून चित्र विकत घेतो. ज्याच्या स्वतःच्या बोटांना रंग लागलेला आहे, त्यालाच दुसऱ्याच्या कामांतील श्रम आणि अडचण उमजते.

बाळासाहेबांच्या कुंचल्याची साक्ष देणारें 'चित्ररामायण' १९१६ सालीं प्रसिद्ध झालें. शिवछत्रपतींच्या चरित्रांतील प्रसंगही त्यांनीं रंगविले. पुढें पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढण्याचें जें प्रचंड कार्य अंगावर घेतलें, त्यासाठीं बाळासाहेबांनीं १९१८ सालीं एक लक्ष रुपयांचें साहाय्य देऊं केलें. या कार्याचा आरंभ १९१९ सालीं डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्तें झाला आणि महाभारताच्या मूळ संहितेचें काम १९६६ सालीं पुरें झालें. या ग्रंथाच्या मुखपत्रावर संपादकांच्या नांवाबरोबर चित्रें काढणारे म्हणून औंधाधिपतींचेंही नांव छापलेलें आहे. दाता म्हणून नांव लागणें निराळें आणि कारागीर म्हणून नांव लागणें निराळें. बाळासाहेबांना हा दुसरा मान मिळाला, आणि तोच त्यांना अधिक शोभतो.

लेण्यांपासून भिंतींपर्यंत

अजिंठा येथील गुंफांतील भित्तिचित्रें किती प्राचीन व किती नाजुक आहेत, हें वाचकांस विदित आहेच. शेंकडों वर्षें ओल, धूर, पाखरें आणि माणसाचा निष्काळजीपणा यांनीं त्यांचा ऱ्हास चालविला होता. बाळासाहेबांनीं चित्रकारांचीं पथकें बरोबर घेऊन अजिंठ्यास मुक्काम केला, आणि त्या चित्रांच्या नकला तयार करविल्या. वेरूळच्या लेण्यांवर त्यांनीं १९२९ सालीं व अजिंठ्यावर १९३२ सालीं पुस्तकें प्रसिद्ध केलीं. अजिंठ्याच्या त्या नकला आज औंधच्या संग्रहांत आहेत. नक्कल ही मूळची बरोबरी करीत नाहीं हें खरें. तरीही नक्कल करणारा चित्रकार मूळ कृतीसमोर दिवसांमागून दिवस बसतो, एकेक रेषा कोठून निघाली व कोठें विसावली हें डोळ्यांनीं व हातांनीं शिकतो. म्हणून त्या नकला म्हणजे केवळ चित्रें नव्हेत. त्या एका पाठशाळेच्या वह्या आहेत. ज्या खेड्यांतील मुलाला अजिंठ्यास जाण्याचें भाडें कधींही परवडणार नाहीं, त्याच्या दारीं अजिंठा आणून ठेवण्याचें काम या वह्यांनीं केलें.

संग्रह वाढत गेला. राजवाड्यांत अशा वस्तु ठेवण्याची सोय कोणत्याही संस्थानिकास सहज करतां आली असती, आणि बहुतेकांनीं तेंच केलें. बाळासाहेबांनीं मात्र देवीच्या वाटेवर स्वतंत्र इमारत बांधविली व १९३८ सालीं तेथें संग्रहालय स्थापन केलें. इमारतीची रचना विचारपूर्वक केलेली आहे. चित्रांवर प्रखर ऊन पडूं नये, तथापि दिवसाचा स्वाभाविक प्रकाश त्यांना लाभावा, अशा बेतानें उजेडाची वाट वरच्या बाजूनें ठेविली आहे. दिव्याच्या उजेडांत रंग बदलतात. ज्या प्रकाशांत चित्रकारानें रंग मिसळले त्याच प्रकाशांत तें पाहिलें तर त्याचें खरें स्वरूप दिसतें. हें मर्म स्वतः चित्र काढणाऱ्यासच सुचावें.

जागेच्या निवडीचाही विचार करावा. यमाईच्या दर्शनास येणारा शेतकरी, धनगर, बलुतेदार, लेकुरवाळी बायको, म्हातारी आई, हीं सर्व मंडळी डोंगर चढतांना या इमारतीवरूनच जातात. चित्रें पाहावयास म्हणून जीं माणसें शहरांतील संग्रहालयाची पायरी कधींच चढलीं नसतीं, त्यांच्या पायाखालच्या वाटेवरच हें दालन आलें. कला ही सुशिक्षितांची मिरास नसून ज्याला डोळे आहेत त्या प्रत्येकाची आहे, हा सिद्धान्त बाळासाहेबांनीं नुसता व्याख्यानांत न सांगतां दगड-चुन्यांत मांडला.

भिंतींवरील मंडळी

आतां आंत शिरून भिंतींवर कोण कोण आहेत तें पाहूं. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांचीं चित्रें येथें आहेत. रविवर्मा हे जन्मानें केरळचे. परंतु महाराष्ट्रानें त्यांना आपलेंच मानलें. त्यांनीं १८९४ सालीं मुंबईजवळ छापखाना काढला, तो पुढें लोणावळ्यानजीकच्या मळवलीस गेला. त्या छापखान्यांतून निघालेलीं देवदेवतांचीं रंगीत चित्रें गरिबांच्या झोपडीपर्यंत पोंचलीं. छापील चित्र ज्यांनीं घरीं पाहिलेलें, त्यांना त्याच हाताचें मूळ तैलचित्र औंधास पाहावयास मिळतें.

त्यांच्या शेजारीं महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) आहेत. धुरंधर हे मूळचे कोल्हापूरचे. ते १८९० सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत विद्यार्थी म्हणून दाखल झाले, तेथेंच शिक्षक झाले, आणि १९३१ सालीं निवृत्त होईपर्यंत त्या शाळेशीं त्यांचें नातें तुटलें नाहीं. या सहवासाची हकीकत त्यांनीं 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' या आपल्या ग्रंथांत सांगितली आहे. मराठी स्त्रीची नेसण, लग्नसमारंभाची गर्दी, बाजारांतील धांदल हीं त्यांच्या कुंचल्यानें जशीं टिपलीं तशीं क्वचितच कोणीं टिपलीं असतील. त्यांचीं चित्रें पाहतांना आपल्या पणज्या-खापरपणज्या कशा चालत, कशा बसत, दागिने कोठें घालीत, हें डोळ्यांपुढें उभें राहतें.

कोल्हापूरचेच बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांची कामगिरीही या संग्रहांत आहे. मेस्त्री घराण्यांत जन्मलेले बाबूराव व त्यांचे बंधु आनंदराव यांनीं कलाशाळेची पायरी न चढतां नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवून नांव मिळविलें. आनंदराव १९१६ सालीं निवर्तले. पुढें बाबूरावांनीं महाराष्ट्र फिल्म कंपनी चालविली, आणि १९२० सालीं 'सैरंध्री' हा मूकपट काढला. याच कंपनींत व्ही. शांताराम यांनीं आरंभीचे धडे गिरविले. पडद्यावरील रंगांतून पडद्यावरील हलत्या चित्रांकडे जाणारा हा मार्ग कोल्हापुरच्या एका कारागीर घरांतून निघाला, ही गोष्ट आपल्या प्रांताच्या कलेतिहासांत सुवर्णाक्षरांनीं लिहून ठेवण्यासारखी आहे.

औंधशीं ज्यांचा संबंध सर्वांत घनिष्ठ, ते पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. सावंतवाडीकडील कोलगांव येथें १८६७ सालीं त्यांचा जन्म झाला. जे. जे. कलाशाळेंत त्यांनीं मेयो पदक मिळविलें. हैदराबाद व लाहोर येथें चित्रकार म्हणून व्यवसाय केला. पुढें वेदांच्या अध्ययनानें त्यांना इतकें वेधून घेतलें कीं, १९१८ च्या सुमारास औंधास येऊन त्यांनीं स्वाध्याय मंडळ चालविलें, आणि १९४८ सालीं गुजरातेंतील पारडीस जाईपर्यंत तें गांव वैदिक ग्रंथांच्या प्रकाशनाचें केंद्र बनविलें. त्यांचें निधन १९६८ सालीं, वयाचीं शंभर वर्षें पुरीं केल्यावर झालें. वडिलांनीं कुंचला बाजूस ठेविला, पण मुलानें तो उचलला. १९१५ सालीं जन्मलेले माधवराव सातवळेकर हे औंधच्याच वातावरणांत वाढले, मुंबईस व नंतर युरोपांत शिकले, आणि पुढें महाराष्ट्र राज्याचे कलासंचालक झाले. त्यांचीं चित्रें औंधच्या भिंतींवर आहेत. ज्या गांवानें ज्या मुलाला वाढविलें, त्या मुलाचें काम त्याच गांवीं परत येऊन टांगलें जावें, याहून संग्रहालयाचें अधिक सार्थक तें कोणतें?

या प्रादेशिक मंडळींच्या सोबतीस पहाडी, राजस्थानी, मोगल आदि जुन्या शैलींचीं लहान चित्रें, बंगाली संप्रदायाचीं चित्रें, हस्तिदंत व चंदन यांवरील कोरीव काम आणि जुन्या पोथ्या आहेत. इंग्लंडचे जगद्विख्यात शिल्पकार हेन्री मूर (१८९८–१९८६) यांचें 'माता आणि शिशु' हें शिल्पही येथें आहे. ज्याच्या कृति पाहण्यासाठीं लोक सातासमुद्रांपलीकडे जातात, त्याची एक कृति खटाव तालुक्यांतील डोंगरावर शांतपणें बसलेली आहे, हें सांगितलें तर अनेकांस खरें वाटत नाहीं. परंतु आमच्या मतें त्या शिल्पाहूनही अधिक मोलाची गोष्ट ही आहे कीं तें धुरंधरांच्या व सातवळेकरांच्या शेजारीं एकाच छपराखालीं आहे. आपल्या मातींतील काम परक्या थोरांच्या कामाशेजारीं ठेवण्यास बाळासाहेबांना संकोच वाटला नाहीं. आणि पाहणाऱ्यासही तो वाटत नाहीं.

आक्षेप आणि त्याचें उत्तर

येथें एक आक्षेप सहज मनांत येतो, आणि तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. दुष्काळी मुलूख, तोकडें उत्पन्न, विहिरी कोरड्या, शाळा थोड्या. अशा ठिकाणीं चित्रांवर व मूर्तींवर पैसा खर्चणें हा श्रीमंती छंद नव्हे काय? उपाशी माणसाला चित्र दाखवून काय उपयोग?

आक्षेप वजनदार आहे. भुकेल्याला आधीं भाकर, मग बाकी सर्व, हें तत्त्व आपणांस कोणीं शिकवावयास नको. परंतु औंधची हकीकत नीट पाहिली तर असें दिसतें कीं, तेथें भाकर आणि चित्र यांचें भांडण लावलें गेलें नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट घ्या. त्यांनाही तरुणपणीं चित्रकारच व्हावयाचें होतें. त्यासाठीं ते जे. जे. कलाशाळेंत गेले होते. पण कांहीं रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखूं येत नाहींत असें आढळलें, आणि ते यंत्रांच्या रेखनाकडे वळले. पुढें त्यांच्या लोखंडी नांगराच्या धंद्यास जागा पाहिजे झाली, तेव्हां ती औंध संस्थानांतील कुंडलच्या माळावर मिळाली, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. ज्या संस्थानानें चित्रांना भिंत दिली त्यानेंच नांगराला माळ दिला.

शिक्षणाचेंही तसेंच. कविवर्य ग. दि. माडगूळकर (१९१९–१९७७) हे औंधच्या शाळेंत शिकले. त्यांचे बंधु व्यंकटेश माडगूळकर हे लेखक म्हणून जितके नामांकित, तितकेच रेखाचित्रकार म्हणूनही गुणी. त्यांच्या लेखनांतील माणदेशची माणसें वाचतांना चित्रकाराची नजर पदोपदीं जाणवते. संगीताचेंही पाहा : पंडित अनंत मनोहर जोशी ऊर्फ अंतूबुवा यांनीं १९४० सालीं औंधास आपल्या गुरूच्या स्मरणार्थ जो संगीतोत्सव सुरू केला, तो त्यांच्या शिष्यपरंपरेनें पुढें चालविला.

तुरुंगाची कथा तर याहूनही उद्बोधक आहे. आटपाडीनजीक १९३९ सालीं स्वतंत्रपूर नांवाची खुली वसाहत सुरू झाली. तेथें गुन्हेगारांना भिंतींआड न कोंडतां शेती करावयास लाविलें, कुटुंबासह राहूं दिलें, आणि विश्वासानें सुधारण्याचा प्रयोग केला. पोलंडांतून आलेले मॉरिस फ्रिडमन यांचा या प्रयोगांत पुढाकार होता. पुढें १९५७ सालीं व्ही. शांताराम यांनीं काढलेला 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट याच प्रयोगावर आधारलेला असून त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची आहे. बाबूराव पेंटरांचा शिष्य, औंधच्या शाळेचा विद्यार्थी, आणि औंध संस्थानांतील तुरुंग, असे तीन धागे एका बोलपटांत एकत्र आले. माणसाच्या ठायीं सौंदर्य ओळखण्याची जी नजर चित्रांपुढें तयार होते, तीच नजर गुन्हेगाराच्या ठायींही माणूस ओळखते, असें आम्ही म्हटलें तर तें अतिशयोक्तीचें होईल काय? आम्हांस तसें वाटत नाहीं.

संस्थान गेलें, चित्रें राहिलीं

१९३८ सालचें महत्त्व एवढ्यावर संपत नाहीं. त्याच वर्षीं बाळासाहेबांनीं आपल्या सत्तरीच्या निमित्तानें राज्यकारभार प्रजेच्या हातीं सोंपविण्याचा निर्धार जाहीर केला. महात्मा गांधींच्या सल्ल्यानें घटना तयार झाली, आणि जानेवारी १९३९ मध्यें ती अंमलांत आली. ग्रामपंचायतींच्या पायावर उभारलेला तो कारभार त्या वेळच्या हिंदुस्थानांत अपूर्व होता. राजानें एकाच वर्षीं सत्ता प्रजेस देण्याचें ठरवावें व चित्रें प्रजेच्या वाटेवर आणून ठेवावीं, हा योगायोग नव्हे. दोन्ही कृतींच्या मुळाशीं एकच भावना दिसते : जें आपल्याकडे आहे तें आपलें नव्हे, आपण त्याचे राखणदार आहों.

या भावनेचें फळ लवकरच दिसून आलें. ८ मार्च १९४८ रोजीं दक्षिणेंतील इतर संस्थानांबरोबर औंधही मुंबई इलाख्यांत विलीन झालें. गादी गेली, दरबार गेला, राजधानीची वर्दळ गेली. त्या काळीं देशांत शेंकडों संस्थानें विलीन झालीं. ज्या वस्तु राजवाड्याच्या कोठारांत खाजगी मालमत्ता म्हणून पडून असतात, त्या वारसांत वांटल्या जाण्यास व बाजाराची वाट धरण्यास वेळ लागत नाहीं, हा सर्वत्रचा अनुभव आहे. औंधचीं चित्रें मात्र औंधासच राहिलीं, कारण दहा वर्षें आधींच तीं राजवाड्याबाहेर पडून सार्वजनिक छपराखालीं आलीं होतीं. पुढें हें संग्रहालय राज्यशासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालय खात्याच्या देखरेखीखालीं आलें, आणि आजही तें त्याच चढणीवर आहे.

राजधानीचा गांव आतां पुनः साधा गांव झाला आहे. अशा ठिकाणीं संग्रह राखणें सोपें नाहीं. तैलचित्राचा शत्रु चोर हा एकच नव्हे. उन्हाळ्यांत कापड आकसतें व पावसाळ्यांत फुगतें, त्यामुळें रंगाला भेगा पडतात. वाळवी चौकटीला लागते. जुनें रोगण पिवळें पडून आकाश मातकट दिसूं लागतें. कागदावरील रंग उजेडानें उडतो. या प्रत्येकावर उपाय आहे, पण त्याला जाणता माणूस, नियमित तपासणी व पैसा लागतो. चित्रें मुंबईस नेलीं तर त्यांची निगा अधिक सुलभ होईल, असें कोणी म्हणेल. पण मग यमाईच्या वाटेवरील माणसानें काय पाहावें? मुंबईच्या दालनांत तीं चित्रें अनेकांपैकीं कांहीं ठरतील. औंधास तीं गांवाचा श्वास आहेत. शेजारच्या कोल्हापुरासही हेंच तत्त्व दिसतें. तेथील टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत आबालाल रहिमान (मृत्यु १९३१) यांच्यापासूनच्या कोल्हापुरी चित्रकारांचीं कामें कोल्हापुरच्याच लोकांस पाहावयास मिळतात, आणि म्हणूनच तेथील पोरांना चित्रकार होणें ही आपल्या आवाक्यांतील गोष्ट वाटते. आपल्याच गल्लींतल्या माणसानें काढलेलें चित्र भिंतीवर पाहिलेल्या मुलाला, आपणही काढूं शकूं, असें वाटूं लागतें. हा लाभ कोणत्याही जमाखर्चांत मांडतां येत नाहीं.

आपल्या दारीं

वाचकहो, ही सर्व हकीकत सांगण्याचा हेतु आतां उघड करतों. आपल्या ख्रिस्ती समाजांतही थोर चित्रकार होऊन गेले. गोव्यांतील सांगे येथें १८७० सालीं जन्मलेले आन्तोनियु शाविएर त्रिंदाद हे धुरंधरांप्रमाणेंच जे. जे. कलाशाळेंत शिकले व तेथेंच शिक्षक झाले. १९३५ सालीं मुंबईस त्यांचा अंत झाला. त्यांची कन्या अँजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) हिनें ख्रिस्तचरित्रांतील प्रसंग भारतीय वेषांत व भारतीय रेषेंत रंगविले. कुटुंबानें सांभाळलेला या पितापुत्रींचा संग्रह आज पणजीस फोंतेइन्यास भागांतील फुंदासांव ओरिएंत या संस्थेंत आहे.

दुसरे आंजेलु द फोन्सेका (१९०२–१९६७). गोव्यांतील सांतु एस्तेव्हांव बेटावर जन्मलेला हा कलावंत शांतिनिकेतनांत अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्यापाशीं शिकला. त्यानें पवित्र मारियेस साडी नेसविली, बाळ येशूस आपल्या मातीचा वर्ण दिला. त्या काळीं गोव्यांतील अनेकांना तें रुचलें नाहीं. टीका झाली, आणि त्यानें पुण्यास ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत येऊन आपलें काम चालविलें. ज्या चित्रांकडे एके काळीं पाठ फिरविली गेली, त्यांचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्रांत मानानें ठेवलेला आहे. चित्रें पत्नीनें जपलीं म्हणून तीं उरलीं. तीं जपलीं गेलीं नसतीं तर आपण काय गमावलें असतें हें कळण्याचाही मार्ग राहिला नसता.

मोठ्या नांवांचें असें झालें, तर लहान नांवांचें काय? प्रत्येक धर्मग्रामांत वेदीचें लाकडी नक्षीकाम करणारा सुतार होऊन गेला. नाताळचा गोठा दरवर्षीं नव्या कल्पनेनें उभारणारा तरुण होऊन गेला. मिरवणुकीची पताका भरतकामानें सजविणाऱ्या भगिनी होऊन गेल्या. क्रुसाच्या वाटेचीं चौदा चित्रें रंगविणारा, शाळेच्या नाटकाचा पडदा काढणारा, स्मशानांतील क्रुसावर अक्षरें कोरणारा, असे किती तरी हात होऊन गेले. त्यांचीं कामें कोठें आहेत? कांहीं माळ्यावर, कांहीं धान्याच्या कणगीमागें, कांहीं नव्या रंगाच्या थराखालीं. जुनें झालें म्हणून टाकून दिलेल्या वस्तूंत आपल्या समाजाचा कलेतिहास पडलेला आहे.

औंधच्या राजानें लक्ष रुपये दिले, तसे आपल्यापाशीं नाहींत. परंतु आपल्याला लागतें तें फार थोडें आहे. मंदिराजवळची एक कोरडी खोली, जिच्यांत ओल येणार नाहीं व प्रखर ऊन पडणार नाहीं. एक वही, जिच्यांत प्रत्येक वस्तु कोणीं केली, केव्हां केली, कोणत्या घरून आली, याची नोंद होईल. एक-दोन माणसें, जीं पावसाळ्याआधीं व पावसाळ्यानंतर प्रत्येक वस्तु उघडून पाहतील. जुन्या चित्रावर हौसेनें नवा रंग चढविण्याचा मोह टाळावा, आणि दुरुस्ती जाणत्याकडूनच करवावी. त्याच खोलींत एक भिंत आजच्या मुलांसाठीं मोकळी ठेवावी. कारण गेलेल्यांचेंच काम दाखविणारें दालन हळूहळू थडगें बनतें, आणि केवळ आजचेंच दाखविणारें दालन उद्यां विसरलें जातें. दोन्ही शेजारीं असलीं म्हणजे आजोबाच्या रेषेंतून नातवाची रेषा निघालेली पाहणाऱ्यास दिसते.

एक गोष्ट मात्र औंधपासून अवश्य शिकावी. ठेवा जपावयाचा तर तो कोणा एकाच्या घरीं ठेवूं नये, मग तो गृहस्थ कितीही सज्जन असो. माणूस जातो, घर विकलें जातें, वारस वेगळे होतात. जें सर्वांचें म्हणून सर्वांच्या वाटेवर ठेविलें जातें, त्याला राखणदारही सर्वच मिळतात. बाळासाहेबांचें राज्य त्यांच्या डोळ्यांदेखत गेलें. त्यांनीं लोकांच्या वाटेवर ठेविलेलीं चित्रें मात्र आजही त्या डोंगरावर आहेत.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांना सवड होईल त्यांनीं एकदां औंधास अवश्य जावें, मुलांनाही बरोबर न्यावें, आणि घरीं परतल्यावर आपल्या माळ्यावरची पेटी उघडून पाहावी. ज्युबिलीच्या वर्षीं एवढें झालें, तरी या चार पानांचें चीज झालें असें आम्ही समजूं.